समोर कोणी नाही, हे कसं ओळखायचं

आमच्या घरी एक जुना लॅपटॉप रात्रंदिवस चालू असतो. घरातले फोटो, कागदपत्रं, हिशेब सगळं त्याच्यावर असतं. रोज रात्री दोन वाजता तो या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवतो. त्याच्यावर डेबियन लिनक्स आहे. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, नुसता कन्सोल. एक बिजागरी मोडल्यामुळे त्याचं झाकण मिटता येत नाही, आणि घरात त्याला जागा मिळाली ती आई झोपते त्या खोलीतल्या टेबलावर. रात्रभर त्याचा फिकट उजेड समोरच्या भिंतीवर पडून राहायचा. एका रात्री आईने कूस बदलत विचारलं, "अरे, कोणी बघत नाही, मग हा कोणासाठी जळतोय?"

त्या प्रश्नावर उपाय म्हणून मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. कोणी वापरत नसेल तर पडदा आपोआप विझवायचा आणि कोणी आलं की पुन्हा लावायचा, एवढंच तिचं काम. स्क्रिप्ट पंचवीसेक ओळींची झाली. त्यात प्रत्यक्ष विझवण्याची ओळ एकच आहे. बाकीच्या जवळजवळ सगळ्या ओळी समोर कोणी आहे की नाही, हे ठरवण्यात खर्ची पडल्या. या विषयाचं मर्म मला तिथे सापडलं. यंत्राला माणसाचं नसणं कधीच दिसत नाही. त्याच्या हाती असते ती फक्त शेवटच्या स्पर्शाची नोंद. 'कोणी नाही' हा त्या नोंदीवरून बांधलेला अंदाज असतो. अंदाज म्हटला की तो चुकणार, आणि चुकणार असेल तर ती चूक कोणाच्या पदरात पडू द्यायची, याचाही विचार करावा लागणार. हे आता एकेक पायरी उतरत पाहू.

युनिक्सच्या पहिल्या पिढीपुढे हा प्रश्नच नव्हता. तेव्हा कन्सोल म्हणजे टेलिटाइप, टंकयंत्रासारखं एक धूड. यंत्राचं उत्तर कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापून यायचं आणि काम थांबलं की खडखडही थांबायची. लिनक्समध्ये कन्सोलच्या फाइलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते त्या टेलिटाइपचंच उरलेलं नाव. पुढे काचेच्या नळीचे पडदे आले. त्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर आदळतो आणि तिथे अक्षर उजळतं. एकच अक्षर एकाच जागी महिनोन्‌महिने उजळत राहिलं की तिथला लेप झिजतो, आणि पडदा बंद केल्यावरही त्या अक्षराची सावली काचेवर दिसत राहते. ज्यांनी असे जुने मॉनिटर वापरले आहेत, त्यांना ती सावली आठवत असेल.

१९७९ साली आलेल्या अटारी ४०० आणि ८०० या घरगुती संगणकांत यावर तोड काढलेली होती. सुमारे नऊ मिनिटं कोणी कळ दाबली नाही की पडद्यावरचे रंग आपोआप बदलू लागायचे. आयबीएम पीसीसाठी जॉन सोचा यांनी 'स्क्रनसेव्ह' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तो डिसेंबर १९८३ च्या 'सॉफ्टॉक' मासिकात छापून आला. तीन मिनिटं कळफलक शांत राहिला की तो पडदा काळा करायचा. ही तीन मिनिटं प्रोग्रॅममध्येच कोरलेली होती; ती बदलायची तर सगळा प्रोग्रॅम नव्याने बांधावा लागे. एकीकडे नऊ मिनिटं, दुसरीकडे तीन. पण मोजलं दोघांनी एकच: शेवटची कळ दाबून किती वेळ झाला. माणूस उठून गेला आहे की खुर्चीत बसून विचार करतो आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. चाळीस वर्षांनी माझ्या स्क्रिप्टलाही तो नाही.

नळ्या गेल्या, सपाट पडदे आले, आणि 'काळा पडदा' या शब्दांचा अर्थच बदलला. माझ्या लॅपटॉपसारख्या सपाट पडद्याच्या मागे एक दिवा सतत पेटलेला असतो. त्याच्या पुढचा द्रव स्फटिकांचा थर त्या उजेडाला कुठे वाट देतो, कुठे अडवतो. म्हणजे या पडद्यावरचा काळा ठिपका हा अडवलेला उजेड असतो. मी पहिल्यांदा फसलो तो इथेच. लिनक्सच्या कन्सोलला पडदा काळा करायची सोय मुळातच आहे. 'सेटटर्म' या आज्ञेला मिनिटं सांगून ठेवली की तेवढा वेळ कळ न दाबल्यास कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच अक्षरं झाकून टाकतो. मी दहा मिनिटं सांगितली. दहा मिनिटांनी अक्षरं गेली, पण भिंतीवरचा उजेड गेला नाही. जरा मंद आणि राखाडी होऊन तिथेच राहिला. मागचा दिवा तसाच पेटलेला होता. नळीच्या पडद्याला काळं केलं म्हणजे विसावा मिळायचा. माझ्या लॅपटॉपवर मात्र मी दिवा चालू ठेवून त्याच्यापुढे फक्त पडदा ओढला होता.

दिवा खरोखर विझवायची वाट वेगळी आहे. स्वतंत्र मॉनिटर असेल तर त्याला संगणकाकडून चित्राबरोबर दोन ताल जात असतात, एक आडव्या ओळींचा आणि एक वरून खाली होणाऱ्या फेरीचा. हे दोन्ही ताल थांबले की मॉनिटरने झोपी जायचं, अशी रीत व्हेसा या संस्थेने १९९३ मध्ये घालून दिली. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यासाठी लिनक्सच्या 'सिस' फोल्डरमध्ये बॅकलाइटचा एक कप्पा असतो आणि त्यात 'बीएल-पॉवर' नावाची फाइल. त्या फाइलमध्ये ४ लिहिलं की दिवा विझतो, ० लिहिलं की लागतो. हा आकडा झाकण्याची पातळी सांगतो, म्हणून शून्य म्हणजे पूर्ण उघडा. डिस्कवर अशी फाइल कुठेच नसते. लिहिलेला आकडा सरळ ड्रायव्हरच्या हातात पडतो. स्क्रिप्टमधली विझवण्याची ती एकुलती एक ओळ हीच. रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार असले की ती चालते.

आता खरा प्रश्न. ही ओळ कधी चालवायची?

पहिला मार्ग जुना आणि सरळ आहे. युनिक्सवर 'डब्ल्यू' ही आज्ञा दिली की कोण आत आहे आणि किती वेळ निष्क्रिय आहे, हे दिसतं. हा निष्क्रियतेचा वेळ ती कुठून आणते? कन्सोलच्या टीटीवाय फाइलवर शेवटचं वाचन कधी झालं, या वेळेतून. आपण कळ दाबतो, शेल म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम ते अक्षर वाचतो आणि फाइलची वेळ पुढे सरकते. आत्ताच्या वेळेतून ती वजा केली की झालं. 'स्टॅट' आज्ञेने ती वेळ सेकंदांत मिळते, वजाबाकी शेल करतं.

या वेळेची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ही नोंद जितकी अचूक, तितकी ती धोक्याची. कळ केव्हा केव्हा दाबली गेली हे दुसऱ्या कोणाला बाहेरून नेमकं कळलं, तर टाइप होणाऱ्या पासवर्डात किती अक्षरं आहेत आणि ती कोणत्या लयीत पडली, याचा माग लागतो. २०१३ मध्ये लिनक्सच्या लोकांनी हे भगदाड बुजवण्यासाठी आधी ही नोंद करणंच बंद केलं. त्याबरोबर 'डब्ल्यू'चा हिशेब कोलमडला, काम करणारी माणसंही निष्क्रिय दिसू लागली. म्हणून नोंद पुन्हा सुरू झाली, पण मुद्दाम ढोबळ करून. सुरुवातीला मिनिटाच्या टप्प्याने, मग आठ सेकंदांच्या. आजही ती वेळ आठ-आठ सेकंदांच्या पायऱ्यांनीच पुढे सरकते. पडदा विझवायला एवढी नेमकी नोंद पुरेशी आहे, पासवर्ड चोरायला नाही. शेवटचा स्पर्श ही माणसाची खाजगी गोष्ट आहे आणि ती किती बारकाईने लिहून ठेवायची याला मर्यादा हवी, हे ज्यांनी ओळखलं त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

पण हा मार्ग मला पुरला नाही, कारण ही वेळ वाचनाची आहे. मोठी प्रत निघत असताना शेल थांबलेलं असतं, कळफलकाकडून काही वाचत नसतं. तेव्हा कोणी दहा कळा दाबल्या तरी फाइलची वेळ जागची हलत नाही. शिवाय लिनक्सवर एकावेळी बरेच कन्सोल असतात, ऑल्ट आणि एफ-२ दाबून दुसऱ्यावर जाता येतं. एकाच फाइलकडे पाहत बसलं तर दुसरीकडे काम करणारा माणूस दिसायचाच नाही.

म्हणून मी एक पायरी आणखी खाली उतरलो. कळ दाबली की कळफलक प्रोसेसरला हाक मारतो: हातातलं सोड, इकडे बघ. या हाकेला इंटरप्ट म्हणतात, आणि कर्नल अशा प्रत्येक हाकेचा हिशेब ठेवतो. 'प्रॉक' फोल्डरमधली 'इंटरप्ट्स' ही फाइल उघडली की एक तक्ता समोर येतो. त्यात डावीकडे १ हा क्रमांक आणि उजवीकडे आय-८०४२ हे नाव असलेली ओळ कळफलकाची. आय-८०४२ हे इंटेलच्या एका जुन्या चिपचं नाव; १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये ती कळफलकाची राखण करायची. चिप गेली, काम आणि नाव मागे राहिलं. क्रमांक आणि नाव यांच्या मध्ये प्रत्येक प्रोसेसरसाठी एकेक आकडा असतो. अक्षराची एक कळ दाबून सोडली की आकडा दोनाने वाढतो, एक हाक दाबल्याची आणि एक सोडल्याची. शेल वाचतंय की नाही, कोणता कन्सोल समोर आहे, याच्याशी या आकड्याला देणंघेणं नाही. बोट लागलं की तो वाढतो. यूएसबीने जोडलेला कळफलक या ओळीत दिसत नाही, पण माझ्या लॅपटॉपचा स्वतःचा कळफलक दिसतो आणि मला तेवढंच हवं होतं.

आता स्क्रिप्ट सांगतो. ती सुरू झाली की कळफलकाची ती ओळ वाचून जशीच्या तशी लक्षात ठेवते. आकड्यांची बेरीज करायची गरज नाही. मग पाच सेकंद झोपते. उठून ओळ पुन्हा वाचते आणि आधीच्या ओळीशी ताडून पाहते. ओळ बदललेली असेल तर कोणीतरी स्पर्श केला. नवी ओळ लक्षात ठेवायची आणि मोजणी शून्यावर आणायची. ओळ तीच असेल तर मोजणीत पाच मिळवायचे. मोजणी ठरलेल्या मर्यादेला पोचली की दिवा विझवायचा. हे चक्र अखंड चालतं आणि त्याचा यंत्रावर भार जाणवत नाही, कारण त्याचा जवळजवळ सगळा वेळ झोपेत जातो.

यावर शंका अशी येईल: बोट लागलं नाही म्हणजे माणूस नाही, हे कशावरून? शंका रास्त आहे. मी लॉग वाचत बसतो तेव्हा सहज चार-पाच मिनिटं कळफलकाला हात लागत नाही. प्रत निघताना पुढे सरकणाऱ्या ओळींकडे मी नुसता पाहत उभा असतो. तेव्हा मी पूर्णपणे तिथे असतो आणि यंत्राच्या हिशेबी मी नसतो. उलट, मांजर कळफलकावरून गेलं तर यंत्राच्या हिशेबी माणूस आला. म्हणजे अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो: वाचणाऱ्याच्या तोंडावर दिवा विझतो, किंवा रिकाम्या खोलीत दिवा जळत राहतो. मर्यादा वाढवली की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. घटवली की उलट. दोन्ही चुका एकदम घालवील असा आकडा नाही.

मग आकडा ठरवायचा कसा? माझ्या मते इथे विचारायचा प्रश्न हा की या घडीला चूक झाली तर कोणाला सोसावी लागेल. दिवसा या टेबलाशी बसतो तो मी, आणि दिवा जळत राहिला म्हणून कोणाचं काही अडत नाही. म्हणून दिवसाची मर्यादा दहा मिनिटं. रात्री दहानंतर तिथे आई झोपलेली असते. जळत राहिलेल्या दिव्याची चूक तेव्हा तिच्या झोपेवर येते, आणि अवेळी विझलेल्या दिव्याची चूक मला फक्त एक कळ दाबायला लावते. म्हणून रात्रीची मर्यादा एक मिनिट. स्क्रिप्टमध्ये हे दोन ओळींचं काम आहे: घड्याळातला तास पाहायचा आणि त्याप्रमाणे मर्यादा निवडायची. पण पंचवीस ओळींत माणसांचा विचार आहे तो या दोन ओळींत.

विझवण्याइतकंच जागं करणंही नीट व्हायला हवं. दिवा विझलेला असताना स्क्रिप्ट पाच सेकंद झोपली, तर कळ दाबणारा पाच सेकंद अंधारात उभा. तेवढ्यात तो दुसरी कळ दाबतो, तिसरी दाबतो. म्हणून विझलेल्या अवस्थेत ती दर सेकंदाला ओळ पाहते. आणि जागं करायला कोणती कळ दाबायची, हेही मी घरात सांगून ठेवलं आहे. अंधारात दाबलेली कळ दिवाही लावते आणि शेलपर्यंतही पोचते. कोणी अर्धवट आज्ञा टाइप करून उठून गेलं असेल आणि आपण एंटर दाबलं, तर ती आज्ञा न दिसताच चालेल. म्हणून शिफ्ट दाबायची. शिफ्टने एकही अक्षर उमटत नाही, पण कळफलकाची हाक जाते आणि ओळीतला आकडा वाढतो. नुसतं 'मी आलोय' एवढंच सांगणारी ती कळ आहे.

आणखी एक जबाबदारी राहते. दिवा विझवून स्क्रिप्ट बसली आहे, आणि तेवढ्यात कोणी तिलाच थांबवलं तर? मग पडदा काळाच राहील आणि कितीही कळा दाबल्या तरी उजळणार नाही, कारण पाहणारं कोणी उरलं नाही. पहिल्या आठवड्यात माझं तसंच झालं. स्क्रिप्टमध्ये बदल करायला मी दुसऱ्या खोलीतून ती थांबवली आणि आई सकाळी म्हणाली, "तुझा डबा बंद पडला रे." तो बंद पडला नव्हता, आंधळा झाला होता. तेव्हापासून स्क्रिप्टच्या अगदी वरच्या ओळीत 'ट्रॅप' आहे: थांबण्याची सूचना आली की आधी दिवा लावायचा, मग थांबायचं. दिवा आपण विझवला असेल तर जाण्याआधी तो लावून जायचा.

लिनक्सच्या कर्नलनेही याच काळजीने आपली जुनी सवय मोडली. वर्षानुवर्षं कन्सोल दहा मिनिटांनी आपोआप काळा व्हायचा. २०१७ मध्ये आलेल्या ४.१२ या आवृत्तीपासून ते बंद झालं. आता आपण मागितलं तरच पडदा काळा होतो. कारण समजण्यासारखं आहे. सपाट पडद्याला डागाची फारशी भीती राहिली नाही, आणि पडदा काळा असताना कर्नलच कोसळला तर त्याने मरताना लिहिलेला मजकूर अंधारात राहतो. कळ दाबून उपयोग नाही, कारण कळ ऐकणाराच गेलेला असतो. ज्या सर्व्हरवर असा मजकूर वाचणं महत्त्वाचं आहे, तिथे पडदा उजळ ठेवण्याची चूक पत्करणंच शहाणपणाचं. माझ्या घरात ती चूक आईच्या डोळ्यांवर येते, म्हणून माझा निर्णय वेगळा. आणि काळ्या पडद्याला कुलूप समजू नये. शिफ्ट दाबणाऱ्या कोणालाही तो उघडतो. कुलूप हवं तर 'व्हीलॉक' वेगळं लावावं लागतं.

आता भिंतीवर उजेड नसतो. आई पहाटे पाचला उठते. रात्रीची प्रत नीट निघाली की शेवटी 'प्रत पूर्ण' अशी ओळ पडद्यावर येते, आणि ती बघणं तिने आपल्याकडे घेतलं आहे. परवा मी जागाच होतो. ती टेबलाशी आली, शिफ्ट दाबली. सेकंदभराने पडदा उजळला. चष्मा शोधून, डोळ्यांवर लावून तिने वरपासून एकेक ओळ वाचायला घेतली, कोणत्या फोल्डरची प्रत निघाली ते पुटपुटत. शेवटच्या ओळीशी पोचायच्या आत मिनिट संपलं आणि दिवा विझला. तिने पुन्हा शिफ्टवर बोट ठेवलं आणि त्याला म्हणाली, "आहे रे मी, इथेच आहे."